एकी म्हणजे गप्प बसणं नव्हे!

मंडळी, 'एक अनेक और एकता' आठवतंय ना? 1974 सालची, फिल्म्स डिव्हिजनची, हातानं चित्रं काढून केलेली कार्टून फिल्म. दिग्दर्शन विजया मुळे यांचं, अ‍ॅनिमेशन भीमसैन यांचं. आपण तिला गोड बालगीत म्हणून मोकळे होतो. माझ्या मते ती चक्क राजकीय गोष्ट आहे!

जाळ्यात अडकलेल्या चिमण्या एकत्र उडतात, पण पंख प्रत्येकीचे आपापले. आणि जाळं कुरतडतं कोण? उंदीर. म्हणजे जातभाईसुद्धा नव्हेत!

आमच्या नागपुरात मात्र घरच्या बैठकीतही कोणी वेगळं बोललं, की 'एकी मोडू नको' म्हणून त्यालाच दटावतात. काका-मामांनो, रागावू नका, पण असली एकी म्हणजे जाळंच की!

असो. पोरांना फिल्म दाखवा, आणि पारधी कोण तेही विचारू द्या.