सतरा अंकी संख्येचा लातूरला प्रश्न
लातूर - वृत्तविश्लेषण

नऊ वेळा एक लिहून होणाऱ्या १११११११११ या संख्येचा वर्ग केला, की १२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संख्या मिळते. एकपासून नऊपर्यंत चढून पुन्हा एकवर उतरणारी ही संख्या उलट वाचली तरी तीच राहते. गुणवत्तेच्या 'पॅटर्न'साठी राज्यभर ओळखल्या जाणाऱ्या लातूरने या संख्येकडे थोडे थांबून पाहायला हवे.

या जातीच्या संख्यांचा अभ्यास दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी केला. डहाणू येथे १९०५ मध्ये जन्मलेले कापरेकर १९३० ते १९६२ या काळात देवळाली येथे शाळाशिक्षक होते. पदव्युत्तर पदवी त्यांच्याकडे नव्हती. जीआयपी रेल्वेवरील तेव्हाच्या डेम्लो, म्हणजे आजच्या डोंबिवली स्थानकावरून त्यांनी या संख्यांना 'डेम्लो संख्या' हे नाव दिले.

मनोरा तयार होण्याचे कारण शालेय गुणाकारातच आहे. नऊ एकांची ओळ प्रत्येक वेळी एक घर डावीकडे सरकवून नऊदा मांडली, की स्तंभांच्या बेरजा एक, दोन, तीन अशा वाढत नऊपर्यंत जातात आणि तशाच उतरतात. कोठेही हातचा येत नाही. दहा एक घेतले, की मधली बेरीज दहा होते, हातचा येतो आणि उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ असे विस्कटते. मनोऱ्याची मर्यादा नऊच का, याचे हे उत्तर.

गंमत येथेच संपत नाही. या सतरा अंकांची बेरीज ८१, म्हणजे नऊचा वर्ग. आणि ८१ ने या संख्येला निःशेष भाग जातो. अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या अशा संख्यांना 'हर्षद', म्हणजे आनंद देणाऱ्या, हे नावही कापरेकरांचेच.

स्वदेशातील अनेक गणितज्ञांनी हे काम क्षुल्लक मानले. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्याविषयी लिहिल्यानंतर कापरेकरांचे नाव जगभर पोहोचले.

राज्याच्या सीईटीत गणिताच्या ५० प्रश्नांना ९० मिनिटे मिळतात; एका प्रश्नाला दोन मिनिटेही नाहीत. तेथे वेगाला पर्याय नाही, आणि त्या वेगाच्या बळावर मराठवाड्यातील असंख्य सामान्य घरांतील मुले अभियंते झाली, हे नाकारता येणार नाही. मात्र चार पर्यायांतून उत्तर निवडण्याची सवय जडलेला विद्यार्थी 'दहा एक घेतले तर?' हा प्रश्न स्वतःहून विचारेल काय?

चिकाटी आणि सराव ही लातूर पॅटर्नची बलस्थाने. कापरेकरांचे भांडवलही तेच होते. फरक एवढाच, की उत्तर मिळाल्यावर ते थांबत नसत. आठवी-नववीच्या वर्गात, जेथे सीईटी अद्याप दूर असते, आठवड्यातील एक तास अशा प्रश्नांना देणे लातूरला अवघड नाही. त्यासाठी फळा आणि खडू पुरेसे आहेत.