आधी 'पाठलाग', मग 'मेरा साया'



तुमच्या अंकातील जुन्या रहस्यपटांवरील लेखात 'पाठलाग'ला 'मेरा साया'ची मराठी नक्कल ठरवले आहे. हे साफ चूक. राजा परांजपे यांचा 'पाठलाग' १९६४चा, राज खोसला यांचा 'मेरा साया' १९६६चा. जयंत देवकुळे यांच्या कादंबरीवरून आधी मराठी चित्रपट झाला, मग हिंदी.

रहस्य कळल्यावर 'पाठलाग' पुन्हा पाहण्यात राम नाही, हे लेखातले मतही पटत नाही. तरुणपणी आम्ही चित्रपटातली ती गूढ बाई कोण, एवढेच शोधत बसलो. आता उत्तर ठाऊक असताना कोर्टातले प्रसंग पाहा: अभिनेत्री भावना आणि काशिनाथ घाणेकर यांच्यातल्या प्रत्येक नजरेला वेगळा अर्थ येतो. चित्रपटात संथपणा? काही जागी आहे, पण कोर्टात नाही.

कोणता चित्रपट आधीचा, याची दुरुस्ती पुढच्या अंकात छापावी.

– एक वाचक, कोल्हापूर