खरी नोंद

हिवाळ्यात पाणवठ्यावर शेपटी हलवीत फिरणारा धोबी पक्षी वसंत ऋतूत उत्तरेकडे निघून जातो. तो नेमका कोठे जातो, आणि पुढील वर्षी येणारा पक्षी तोच असतो काय, हे नुसते पाहून सांगता येत नाही.

डेन्मार्कमधील हान्स मॉर्टेन्सन या शिक्षकाने १८९९ साली यावर एक साधा उपाय योजिला. मैनेच्या कुळातील पक्ष्यांच्या पायांत त्याने क्रमांक कोरलेली ॲल्युमिनियमची हलकी कडी घातली. असा पक्षी पुन्हा कोठेही सापडला, की क्रमांकावरून त्याची ओळख पटू लागली. १९१० साली उत्तर समुद्रातील हेल्गोलँड बेटावर पक्षिनिरीक्षण केंद्र निघाले. समुद्र ओलांडताना थकलेले पक्षी वसंतात अशा बेटांवर उतरतात. त्यांना इजा न करता धरावयाचे, कडे घालून सोडून द्यावयाचे आणि जात, स्थळ व दिनांक वहीत लिहावयाचे, असा या कामाचा क्रम असतो. भारतात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९२७ साली नर्मदेपलीकडील धार संस्थानात हे काम आरंभिले. पुढे १९५९ पासून डॉ. सालिम अली यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने ते वाढविले.

एवढ्याशा कड्याला इतके महत्त्व कशाला, असे कोणी विचारील. खरे पाहता महत्त्व कड्याचे नसून वहीतील खऱ्या शब्दाचे आहे. गाव किंवा दिनांक खोटा लिहिला, तर कड्याचा उपयोग तर होत नाहीच, उलट पुढचा अभ्यासकही आडवाटेला लागतो.

याचा दाखला नंदुरबार जिल्ह्यातच आहे. रानपिंगळा हा प्रवासी पक्षी नव्हे. तो सागाच्या जंगलात बारमाही राहतो. १८८४ नंतर तो कोणास खात्रीने आढळला नव्हता. संग्रहालयांत त्याचे मोजके नमुने होते आणि प्रत्येकास स्थळ व दिनांक लिहिलेली चिठ्ठी होती. त्यांपैकी एक नमुना १९१४ साली गुजरातेतील मांडवी येथे मिळाल्याचे कर्नल माइनर्ट्झहागेन यांनी लिहिले होते. त्यावर विसंबून झालेला शोध व्यर्थ गेला. पुढे पामेला रासमुसेन या विदुषींनी तो नमुना बारकाईने तपासला. तो संग्रहालयातून चोरलेला जुनाच पक्षी असून चिठ्ठी खोटी होती! मग त्यांनी ती नोंद बाजूस सारली आणि खऱ्या चिठ्ठ्यांचा माग घेत दोन सहकाऱ्यांसह त्या निघाल्या. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ त्यांना जिवंत रानपिंगळा दिसला. तब्बल ११३ वर्षांनी!

एका खोट्या चिठ्ठीने जाणत्यांनाही चकविले. शंभर वर्षांपूर्वीच्या खऱ्या चिठ्ठ्यांनी मात्र योग्य जागी नेऊन पोहोचविले. पक्षी आहे हेच ठाऊक नसेल, तर त्याचे रान कोण राखील?

म्हणून विद्यार्थ्यांनीही एक छोटी वही ठेवावी. पक्षी, गाव आणि दिनांक लिहावा. ओळख पटली नाही, तर तसेच लिहावे. अंदाजाने नाव घालू नये. पक्षी दिसला नाही, हीसुद्धा नोंदच होय. आज क्षुल्लक वाटणारी ती ओळ उद्या कोणास वाट दाखवील, हे सांगता येत नाही. म्हणूनच ती खरी असली पाहिजे.