कोरडा कान, अपुरा दिलासा

कान वाहणे हा विकार क्षुल्लक मानण्याची आपली सवय जुनी आहे. परंतु या वाहण्यामागे काही वेळा कोलेस्टिॲटोमा हा घातक विकार असतो. पडद्याची त्वचा आत ओढली जाऊन तिची पिशवी बनते आणि ती हातोडी, ऐरण, रिकीब या नाजूक अस्थींसह भोवतालचे हाडही कुरतडू लागते. यावर मुख्य उपाय शस्त्रक्रियेचाच. मात्र त्वचेचा सूक्ष्म अंश जरी मागे राहिला, तरी तो पुन्हा वाढतो. कर्णमार्गाची भिंत राखून शस्त्रक्रिया केली असेल, तर तो पडद्याआड दडून राहतो. म्हणूनच वर्षभराच्या सुमारास कान पुन्हा उघडून पाहण्याची पद्धत पडली.

ही दुसरी शस्त्रक्रिया सी. टी. स्कॅनने टाळता येईल काय? १९७१ साली लंडनमध्ये रुग्णावर प्रथम वापरले गेलेले आणि १९७९ साली हौन्सफील्ड व कॉर्मॅक यांना नोबेल पारितोषिक मिळवून देणारे हे तंत्र हाडाचे चित्र उत्तम दाखविते. हाडाची झीज, बसविलेल्या कृत्रिम अस्थीचे सरकणे, मेंदूलगतच्या पातळ हाडाला पडलेले छिद्र यांचा उलगडा त्यातून होतो. मध्यकर्णात सर्वत्र हवा खेळती दिसली, तर रोग उरला नसल्याचा बराच भरवसा मिळतो. परंतु करडी सावली दिसली तर? ती व्रणाची, साचलेल्या द्रवाची की परतलेल्या रोगाची, हे बहुधा सांगता येत नाही. तेथे विशिष्ट पद्धतीचा एम. आर. आय. अधिक उपयोगी पडतो. क्ष-किरणांवाचून तो सुमारे तीन मिलिमीटरचा रोगही ओळखू शकतो. त्याहून लहान अंश मात्र त्यालाही हुलकावणी देतो.

तेव्हा प्रत्येक रुग्णाचा, विशेषतः बालकांचा, ठरावीक मुदतीने सी. टी. स्कॅन काढणे हा विवेक नव्हे. क्ष-किरणांचा मारा विनाकारण का सोसावा? सूक्ष्मदर्शकाखालील तपासणी व श्रवणचाचणी आधी. नेमका प्रश्न उभा राहील तेव्हाच स्कॅन, हाच क्रम योग्य होय.

खरा धोका यंत्राच्या अभावाइतकाच विस्मरणाचाही आहे. कान कोरडा झाला की रुग्ण रुग्णालयाची वाट विसरतो आणि रोग आत निमूटपणे हाड पोखरीत राहतो. चेहऱ्याचा पक्षाघात वा मेंदूपर्यंत पोहोचलेला जंतुसंसर्ग हे त्याचे परिणाम होत. घरी पाठविताना पुन्हा केव्हा व किती वर्षे यावयाचे, हे रुग्णास मराठीत लिहून देणे कोणत्याही रुग्णालयास अशक्य नाही. तेवढे कर्तव्य पार पडले नाही, तर उत्तमोत्तम चित्रे काढूनही उपयोग काय?