क्यूच्या स्वरांना क्लेफ हवाच!

पाश्चात्त्य वाद्यवृंदातला व्हायोलावादक कधी शंभर-शंभर मात्रा नुसत्या मोजत बसतो. पाळी जवळ आल्याचे कळावे म्हणून त्याच्या प्रतीत बासरीचे चार स्वर बारीक छापतात. हे क्यूचे स्वर. ते वाजवायचेच नाहीत, मग स्वरनावे ठरवणाऱ्या क्लेफच्या खुणेची चिंता कशाला, असे कोणी म्हणेल. मला हे पटत नाही. मधल्या रेषेवरचा स्वर बासरीच्या ट्रेबल क्लेफमध्ये 'बी', तर व्हायोलाच्या आल्टोमध्ये 'सी'! क्यू संपल्यावर आल्टो परत छापला नाही, तर बिचारा पहिलाच स्वर चुकेल, तोही भर सभेत. (आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच, खुणेवाचून दारात अडणे मला ठाऊक आहे.) लिलिपॉन्ड ही संगणकप्रणाली दोन्ही क्लेफ छापते, पण तसे तिला माणसाने सांगावे लागते. जागा वाचवायला ते गाळणाऱ्याने एकदा व्हायोलावाल्याच्या खुर्चीत बसून पाहावे.