न्हाणीघराला ऊब हवी, पण कोणती?

पौषातली थंडी पडली की नाशिक-निफाडकडच्या मैत्रिणींची तक्रार ठरलेली. पाणी कितीही कढत असो, न्हाणीघर मात्र गारठलेलं! तान्हं बाळ आणि घरातली वडीलधारी यांची तर फारच पंचाईत. अंगावरचं पाणी निथळलं की बाळ काकडतं. वृद्धांच्या रक्तवाहिन्या गारठ्याने आकसतात नि रक्तदाब वाढतो. तेव्हा न्हाणीघर थोडं उबदार करून घेणं हे काही चोचले नव्हेत. मात्र साधन निवडताना डोळे उघडे हवेत.

पहिला नियम मनाशी पक्का करा. जे जळतं, ते न्हाणीघरात नको. बाळ-बाळंतिणीच्या न्हाण्यासाठी कोळशाची शेगडी आत ठेवून दार लावून घेण्याची रीत काही घरांत अजून आहे. पेटलेल्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक ओढीने चिकटतो. आधी डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, मग हातापायांतलं बळ जातं. दाराची कडी काढायचंही त्राण उरत नाही. गॅस गीझरचंही तेच. तो बाहेर, उघड्या हवेत बसवावा. आत फक्त गरम पाण्याचा नळ यावा. ‘खिडकी उघडी ठेवतो ना!’ यावर विसंबू नका. कडाक्याच्या थंडीत नेमकी तीच बंद केली जाते.

राहता राहिली वीज. तिचे दोन मार्ग आहेत.

भाड्याच्या घरात राहत असाल, तर ब्लोअर बरा. पण तो न्हाणीघरात न्यायचा नाही, बादलीजवळ तर नाहीच नाही. बाहेरच्या कोरड्या खोलीत, पडद्यापासून लांब ठेवा. न्हाणीघराचं दार उघडून १० मिनिटं गरम वारा आत जाऊ द्या. मग बटण बंद करून पिन काढा आणि त्यानंतरच आंघोळ. २,००० वॅटचा ब्लोअर १५-१६ अँपिअरच्या जाड पिनेच्या सॉकेटवरच लावावा. लांबवलेली साधी वायर तापून वितळते.

स्वतःचं घर असेल, तर भिंतीवर कायमचा बसवायचा इन्फ्रारेड हीटर घ्या. तो हवेपेक्षा थेट अंग तापवतो, म्हणून झडपांच्या खिडकीतून वारा येत असला तरी ऊब लागते. लहान न्हाणीघराला १,००० ते १,२०० वॅट पुरेसे होतात. १,००० वॅटचा हीटर पाव तास चालला, तर पाव युनिट वीज जळते. खर्चाचा बाऊ नको!

घेताना मात्र एवढं पाहा. तो न्हाणीघरासाठीच बनवलेला हवा आणि खोक्यावर निदान ‘आयपीएक्स ४’ अशी खूण हवी. म्हणजे पाण्याचे शिंतोडे उडाले तरी तो सोसतो. शॉवरपासून लांबच्या भिंतीवर, ओला हात पोचणार नाही इतका उंच बसवा. बऱ्याच फ्लॅटमध्ये न्हाणीघरावर माळा असतो. त्याच्या अगदी खाली तो नको. बटण दाराबाहेर असावं. अर्थिंग तपासून घ्या आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी नसेल तर आधी तो बसवा. गळणारी वीज तो क्षणात तोडतो. हे सारं काम जाणत्या वायरमनकडूनच करून घ्यावं, बरं का!

आणि हो, बिनखर्चाचे उपायही विसरू नका. आदल्या रात्री फरशी पुसून कोरडी ठेवा. टॉवेल नि कपडे हाताशी असू द्या. बाळाला न्हाणीघरातच न्हाऊ घातलं पाहिजे, असं कुठे आहे? दुपारी ऊन्ह आलेल्या खोलीत टब ठेवला की झालं. घरातल्या वडीलधाऱ्यांना मात्र आवर्जून सांगा, आंघोळीला जाताना दार नुसतं लोटून घ्या, आतून कडी नको.