परकायाप्रवेश एकाच दिशेने का?

‘कलेला जात नसते’ हे वाक्य नेमकं कधी ऐकू येतं? भूमिका कुणाला मिळाली, असा प्रश्न विचारला की. प्रश्न विचारेपर्यंत जात निवांत आपलं काम करत असते.

सातारा-सांगलीला कॅमेरा नवा नाही. ‘गंगाजल’ (२००३), ‘स्वदेस’ (२००४), ‘दबंग’ (२०१०) यांचं चित्रीकरण वाई-मेणवली परिसरात झालं. आपली कृष्णा कधी बिहार झाली, कधी उत्तर प्रदेश. सांगली तर नाट्यपंढरी; विष्णुदास भाव्यांचं ‘सीता स्वयंवर’ १८४३ चं. एवढा वारसा असूनही नदीकाठचा भोई समाज पडद्यावर दिसलाच, तर बहुधा गर्दीत दिसतो. नाव त्याची, घाट त्याचा, गोष्ट मात्र दुसऱ्याची.

आता स्वतंत्र चित्रपट करणारी तरुण मंडळी मासेमार कुटुंबाच्या गोष्टींकडे वळत असतील, तर स्वागतच आहे. व्यावसायिक सिनेमाने कोळ्याला टोपी, लुगडं आणि नाचापलीकडे फारसं पाहिलं नाही. पण कमी पैशांत केला म्हणून सिनेमा आपोआप वेगळा होत नाही. आई, मुलगा, सून या भूमिका शहरातल्या ओळखीच्या वर्तुळात वाटायच्या, चेहऱ्याला काळा रंग फासायचा, चार दिवसांत ‘गावाकडची भाषा’ शिकवायची, आणि खऱ्या मासेमारांना जाळं घेऊन मागे उभं करायचं, हा जुनाच खेळ आहे. काळा रंग फासला म्हणजे कष्टकरी माणूस तयार होतो, ही समजूतच ब्राह्मणी आहे.

यावर उत्तर ठरलेलं: अभिनय म्हणजे परकायाप्रवेश, कुणीही कुणाचीही भूमिका करू शकतो. मान्य! जब्बार पटेलांच्या चित्रपटात बाबासाहेब मामुट्टींनी साकारले आणि राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. त्यावर आपलं भांडण नाही. भांडण एवढंच आहे की हा प्रवेश एकाच दिशेने का होतो? शहरी मुलगी मासेमारीण होऊ शकते, तर भोयाची मुलगी पेशव्यांच्या वाड्यातली राणी किंवा पुण्यातली डॉक्टर का होत नाही?

इथे आपल्याही कार्यकर्त्यांना एक सांगायला हवं. ‘भोयाची भूमिका भोयानेच करावी’ ही घोषणा टाळ्या मिळवेल, पण ती आंबेडकरी नाही. जात ही केवळ श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच ‘जातिप्रथेचे निर्मूलन’मध्ये मांडलं. जन्मावरून काम ठरवणं हाच तर जातीचा कायदा. तो आपण निवडचाचणीच्या दारावर लावला, तर भोयाचा पोरगा आयुष्यभर भोईच साकारत राहील. आपल्याला राखीव कोपरा नको, सगळं दार उघडं हवं.

दार उघडलं की काय होतं, तेही पाहा. ‘कोर्ट’मध्ये (२०१४) लोकशाहीर नारायण कांबळेंची भूमिका नागपूरचे आंबेडकरी कार्यकर्ते वीरा साथीदार यांनी केली. ‘फँड्री’तल्या जब्यासाठी सोमनाथ अवघडेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. इटलीत लुकिनो व्हिस्कोंतीने १९४८ साली ‘ला तेरा त्रेमा’ ही एका मच्छीमार कुटुंबाचीच गोष्ट केली, ती आची त्रेझ्झा गावच्या रहिवाशांना घेऊन, त्यांच्याच सिसिलियन बोलीत. बाकीच्या इटलीला ती बोली कळेना, म्हणून निवेदन जोडावं लागलं; पण त्या माणसांची जीभ ‘शुद्ध’ केली नाही.

कौटुंबिक नाट्याला ही जीभ लागतेच. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर घरात कोण काय बोललं, नदीत मेलेल्या माशांचा खच पडला की चूल कशी चालते, मासे विकून आलेला पैसा बाईच्या हातात राहतो की नाही, ही भांडणं जगलेला माणूस संहिता वाचतानाच सांगेल, ‘आमच्यात असं कुणी बोलत नाही.’ त्याला ते सांगायचा हक्क असला पाहिजे.

म्हणून मागण्या साध्या आहेत. निवडचाचणीची सूचना नदीकाठच्या वस्तीत लावा, नुसती नाट्यसंस्थांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नको. मुख्य भूमिकांसाठीही चाचणी घ्या. मानधन लेखी ठरवा. त्या दिवसाचा बुडालेला धंदा त्यात धरा. संवाद वस्तीत वाचून दाखवा. जाळं, नाव आणि बोली शिकवणाऱ्याचं नाव श्रेयनामावलीत द्या. भोई समाज भटक्या जमाती (ब) मध्ये मोडतो. त्याच्या पोरांना अभिनयाचं प्रशिक्षण परवडत नाही, म्हणून ‘तिथे टॅलेंट नाही’ म्हणू नका.

मित्रांनो, बाबासाहेबांनी ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्याच शाळेत पाऊल ठेवलं. तिथे प्रवेश मिळाला, पण बसायला वेगळी जागा आणि वरून ओतलेलं पाणी. आत घेणं आणि बरोबरीने बसवणं यातला फरक आपल्याला कुणी शिकवायला नको. तुमच्या गावात चित्रीकरणाची गाडी आली, की सेल्फी जरूर काढा. पण त्याआधी विचारा: गोष्ट आमची, तर मोबदला किती, नाव कुठे, आणि बोलणार कोण?

जय भीम!